दोरी, पावलं, पाणी, बट्ट्या: नाशिकच्या एका स्काऊट पथकाची जून ते जानेवारीची नोंद

पथक २८ मुलांचं. संघ चार, प्रत्येकी सात जण, वयं ११ ते १५. बहुतेक प्रथम आणि द्वितीय सोपानातली (सोपान म्हणजे स्काऊट शिक्षणाची पायरी), सहा जण तृतीय सोपानाच्या तयारीत. शनिवारी दोन तास सभा, महिन्याला एक बाहेरची फेरी आणि जानेवारीत दोन रात्रींचं शिबिर. यंदा एकच अट नवी घातली होती: वहीत ‘अंदाजे’ हा शब्द चालणार नाही. दोरी किती लागली, पाणी किती उरलं, पाऊल किती लांब, हे मोजूनच लिहायचं. खालची मापं संघांच्या वह्यांतून जशीच्या तशी घेतली आहेत.

जून-जुलै: दोऱ्या

मैदानात चिखल, म्हणून सगळं काम व्हरांड्यात. प्रत्येक मुलाला ८ मिमी जाडीची, ३ मीटर सुती दोरी. नायलॉन स्वस्त मिळतं आणि कुजत नाही, पण शिकायला वाईट. गुळगुळीत असल्याने क्लोव्ह हिच (काठीवर दोन वेढे घेऊन मारायची गाठ) सरकत जाते आणि मुलाला वाटतं गाठच चुकली. गाठ हातात बसली की मग नायलॉन द्यावं.

पहिलं काम व्हिपिंगचं, म्हणजे दोरीचं टोक दोऱ्याने गुंडाळून बांधायचं. दोरीचं टोक उसवलं की महिन्याभरात वीतभर दोरी वाया जाते. ६० सेंमी लांबीचा जाड दोरा मेणबत्तीवर दोनदा ओढून घ्यायचा आणि दोरीच्या जाडीच्या सव्वा ते दीडपट लांबीचे वेढे घ्यायचे, म्हणजे ८ मिमीला १० ते १२ मिमी. वेढे एकावर एक चढले की व्हिपिंग बोंडासारखं फुगतं आणि दोन सभांत निसटतं. नायलॉनचं टोक वितळवणं हा तात्पुरता उपाय. तो कडक मणी तडकला की तळहाताला बोचतो.

रीफ नॉटची तपासणी सोपी: टोक आणि मुख्य दोरी फासाच्या एकाच बाजूने जोडीने बाहेर पडली पाहिजे. एक वर, एक खाली दिसली की ती ग्रॅनी, म्हणजे चुकलेली रीफ नॉट, ओढ बसताच सरकणार. आणि रीफ नॉट पट्टी बांधायला आहे, दोन दोऱ्या जोडून वजन उचलायला नाही. त्यासाठी शीट बेंड. जाड दोरीचा वाक करायचा आणि बारीक दोरी त्यातून फिरवायची. उलट केलं तर जाड दोरीचा ताठपणा बारीक दोरीच्या वाकाला उघडतो.

चौकोनी लॅशिंगला, म्हणजे उभा-आडवा बांबू दोरीने एकमेकांना बांधायला, किती दोरी लागते यावर दरवर्षी वाद. जुना हिशेब असा: दोन्ही बांबूंचे व्यास इंचांत मिळवा, दर इंचाला तीन फूट दोरी. दोन-दोन इंची बांबूंना बारा फूट, म्हणजे साडेतीन मीटरच्या थोडं वर. मुलांनी बांधून-सोडून मोजलं तेव्हा प्रत्यक्षात ३ ते ३.३ मीटर गेली. उरलेली शेवटच्या क्लोव्ह हिचला ओढ घ्यायला हवीच, कारण १५ सेंमी टोक हातात धरून कुणालाच जोर लावता येत नाही. आता ६ मिमीच्या ४ मीटरच्या दोऱ्या कापून, टोकांना रंग लावून ठेवल्या आहेत.

लॅशिंग ढिलं पडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच निघालं. तीन वेढे घट्ट, पण दोन बांबूंच्या मधून त्यांना आवळणारे दोन फ्रॅपिंगचे वेढे हाताने नुसते गुंडाळलेले. लॅशिंगचा जीव फ्रॅपिंगमध्ये असतो. प्रत्येक वेढ्याला दोरी काठीवर गुंडाळून, काठीची मूठ करून दोघांनी ओढायची. दुसरी चूक सुरुवातीची: क्लोव्ह हिच उभ्या बांबूवर, आडव्याच्या लगेच खाली हवी. चार बोटं खाली घेतली तर आडवा बांबू तेवढा घसरतो.

ऑगस्ट-सप्टेंबर

अंजनेरीला एक फेरी, पावसात, पहिल्या टप्प्यापर्यंतच. निसरड्या पायऱ्यांवर २८ मुलं नेताना दोन मोठ्यांमध्ये आठपेक्षा जास्त मुलं ठेवू नयेत. तिथली सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची दुर्मीळ जात मुलांना चित्रात आधी दाखवून नेलं, ‘फूल तोडणार नाही, पायवाट सोडणार नाही’ एवढ्या बोलीवर. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांची मागणी दरवर्षी होते. या वयाच्या पथकाला तो गड नाही, विषय संपला.

ऑक्टोबर: पावलं, उंची, होकायंत्र

१०० मीटर टेपने मोजून दोन झेंडे लावले. मुलांनी जोडपावलं मोजायची, म्हणजे फक्त डावा पाय पडेल तेव्हा एक. तीन फेऱ्यांची सरासरी ७४ ते ८२ आली. हा आकडा प्रत्येकाने काठीवर मार्करने लिहिला. पहिल्या फेरीचा आकडा टाकून द्यावा, कारण मोजतोय म्हटलं की मुलं लष्करी चालीने चालतात.

झाडाची उंची एकास-बारा पद्धतीने. बुंध्यापासून ११ काठ्या अंतरावर काठी उभी करायची, बाराव्या ठिकाणी डोळा जमिनीला टेकवायचा आणि शेंड्याची रेषा काठीला किती इंचांवर छेदते ते पाहायचं. जितके इंच, तितके फूट उंची. डोळा खरंच जमिनीला लागला पाहिजे. गुडघ्यावर बसून पाहणाऱ्या संघाचं कडुनिंब इतरांपेक्षा चांगलंच उंच निघालं. उतारावर ही पद्धत फसते, सपाट जागा निवडावी.

नदीची रुंदी पात्रात न उतरता होकायंत्राने निघते. सोमेश्वरजवळ गोदावरीच्या काठावर समोरच्या काठावरचं झाड बरोबर समोर घेतलं, तिथे काठी रोवली आणि त्याच झाडाची दिशा ४५ अंशांनी बदलेपर्यंत काठाने सरळ चालत गेलं. चाललेलं अंतर तीच रुंदी. काठ वळणाचा असेल तर उत्तर चुकतं, म्हणून निदान साठेक मीटर सरळ काठ आधी शोधायचा.

होकायंत्राबद्दल आपल्या भागासाठी खास सूचना. सह्याद्रीचा काळा कातळ बेसॉल्टचा, त्यात चुंबकी खनिजं असतात. होकायंत्र खडकावर ठेवून वाचलं तर सुई काही अंश हलते, एखाद्या ठिकाणी बरीच. छातीच्या उंचीवर हातात धरावं, लोखंडी कडीची काठी आणि मोबाईल दूर ठेवावा, आणि दोन पावलं बाजूला सरकून पुन्हा वाचावं. दोन आकडे जुळले तरच लिहावा. खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक मात्र नाशिकमध्ये एका अंशाहून कमी आहे, तो सोडून दिला तरी चालतो.

नोव्हेंबर: रामशेज

पेठ रस्त्याने आशेवाडी, नाशिकपासून साधारण १५ किलोमीटर. चढ सोपा, वाट स्पष्ट, त्यामुळे नकाशावाचनाच्या पहिल्या हाइकला याच्याइतका सोयीचा गड जवळपास नाही. मुघलांनी १६८२ मध्ये वेढा घातला आणि गड पुढे कित्येक वर्षं हाती लागला नाही. एवढ्याशा टेकाडाला इतकी वर्षं का लागली, हा प्रश्न मुलांना वर गेल्यावर कडे दाखवून विचारावा. उत्तर तिथेच दिसतं.

नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,०००. त्यावर २ सेंमी म्हणजे १ किमी आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दर २० मीटरला. वेळेचा हिशेब नाइस्मिथच्या नियमाने: सपाटीवर ताशी ५ किमी, शिवाय दर १० मीटर चढाला एक मिनिट. तो दमदार मोठ्या माणसाचा हिशेब आहे. अकरा वर्षांच्या मुलांसाठी दीडपट धरला आणि तो जवळपास बरोबर ठरला. पावलांचा आकडा मात्र चढावर कामाला येत नाही. सपाटीवर ७८ जोडपावलं टाकणारा मुलगा इथे ९५ च्या वर गेला. चढासाठी वेगळा आकडा काढून ठेवावा.

पाणी माणशी २ लिटर. बाटलीवर चिकटपट्टीच्या चार खुणा: पायथा, अर्धा चढ, माथा, उतार. मुलं चढताना पीतच नाहीत आणि उतरताना डोकं दुखतं म्हणतात, ते या खुणांवरून लगेच पकडता आलं. वरच्या टाक्यांतलं पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही.

कड्यांना आग्यामोहोळ असू शकतं. धूर नाही, अत्तर नाही, दगड भिरकावणं नाही. मोहोळ उठलंच तर स्कार्फने चेहरा झाकून आल्या वाटेने खाली उतरायचं, झाडाखाली घोळका करायचा नाही.

डिसेंबर: नांदूर मध्यमेश्वर

निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून तयार झालेली पाणथळ जागा. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली, महाराष्ट्रातली पहिली. सूर्य उगवायच्या आत मनोऱ्यावर असावं. थंडी कडाक्याची असते, निफाडचे आकडे उगाच बातम्यांत येत नाहीत. कानटोपी आणि हातमोजे सक्तीचे, कारण गारठलेल्या हातात दुर्बीण स्थिर राहत नाही.

थवा मोजायची पद्धत: आधी दहा पक्षी नीट मोजून तेवढा तुकडा डोळ्यात बसवायचा, मग तसे किती तुकडे बसतात ते पाहायचं. तिघांनी स्वतंत्र मोजायचं आणि मधला आकडा लिहायचा. चार दुर्बिणी २८ मुलांना पुरत नाहीत, म्हणून संघाला एक दुर्बीण आणि दर दहा मिनिटांनी काम बदल: एक पाहणारा, एक लिहिणारा, एक वेळ सांगणारा, बाकीचे उघड्या डोळ्यांनी. वारकरी, जांभळी पाणकोंबडी, थापट्या, तलवार बदक आणि चित्रबलाक हे पाच आधी पक्के केले, तर पहिल्या फेरीला पुरे.

जानेवारी: शिबिर

जागा गंगापूर धरणाच्या अलीकडे, खासगी शेतात, मालकाच्या लेखी परवानगीने. वनजमिनीवर लाकूड गोळा करणं आणि विस्तव पेटवणं चालत नाही, म्हणून सरपण आणि गोवऱ्या विकत घेऊन नेल्या.

प्रवेशद्वाराचा हिशेब: १२ फुटी उभे बांबू दोन, ८ फुटी आडवे दोन, तिरके दोन. बांबू मानवेल, तो जवळजवळ भरीव असतो. पोकळ कळक दाबाखाली चिरतो. खड्डे पहारीने ४५ सेंमी. आडवे बांबू जमिनीपासून २.२ आणि ३ मीटरवर, तिरके त्या दोघांच्या मधल्या चौकटीत. टोकांना आठ चौकोनी लॅशिंग, मध्ये फुलीवर एक कर्णाकृती, एकूण नऊ, दोरी ३६ मीटर. ताणदोऱ्या चार, प्रत्येकी साडेपाच मीटर, खुंट्या दारापासून त्याच्या उंचीइतक्याच अंतरावर. तिरक्या बांबूंची मेख अशी की चार टोकांपैकी तीन चौकटीच्या एका बाजूला आणि चौथं दुसऱ्या बाजूला बांधायचं. मग फुलीवर दोन्ही बांबू एकमेकांवर दाबून बसतात. दोन्ही टोकं एकेका बाजूला ठेवली तर मध्ये फट राहते आणि कितीही दोरी आवळली तरी दार डुलतं. एका संघाने ते तसंच बांधलं होतं, अर्ध्या तासाचं काम पुन्हा.

सुती ताणदोऱ्या दवाने भिजून आखडतात. झोपण्यापूर्वी दोन बोटं ढील दिली नाही तर पहाटे खुंट्या उपटलेल्या दिसतात. मुरमात लाकडी खुंट्या शिरत नाहीत, तिथे १० मिमी सळीच्या ३० सेंमी खुंट्या, तंबूपासून बाहेर झुकवून.

हात धुवायला पायाने ओढायचा डबा: ५ लिटरचा कॅन, २ मिमी भोक, तिवईला टांगलेला. तिवईच्या आठाकृती लॅशिंगला सहा वेढे, तेही सैलसर. घट्ट केले तर काठ्या फाकत नाहीत. २८ मुलांचे हात पाच लिटरांत जेमतेम धुऊन झाले.

स्वयंपाकात भांड्याविना पदार्थ म्हणून बट्ट्या. एका संघाला १ किलो जाडसर कणीक, १०० ग्रॅम तेलाचं मोहन, १५ ग्रॅम मीठ, चमचाभर ओवा, पाणी ४०० ते ४५० मिली, पीठ घट्ट. चौदा गोळे, लिंबापेक्षा मोठे, पेरूपेक्षा लहान. तीस गोवऱ्या पेटवून ज्वाळ पूर्ण विझू द्यायची, निखारे राखेने झाकायचे, मग बट्ट्या. अर्धा तास, दर सात-आठ मिनिटांनी फिरवत. वरून तडकली, उचलल्यावर हलकी लागली की झाली. चारपैकी दोन संघांनी ज्वाळेवरच घातल्या: बाहेर कोळसा, आत कच्ची कणीक. घाईचा पदार्थ नाही हा.

सोबतच्या वरणाला तूरडाळ संघाला ५०० ग्रॅम, दोन तास आधी भिजवलेली. चिंच आणि टोमॅटो डाळ शिजल्यावरच, आधी घातले की ती शिजायची अडते. पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा पातळ लेप द्यावा, काजळी मातीसकट निघते आणि घासायचा वेळ निम्म्यावर येतो. चूल म्हणजे ६० सेंमी लांब, २० रुंद, २० खोल चर, तोंड वाऱ्याकडे. काटक्या रात्री ताडपत्रीखाली. आणि कण्हेर, शेर, रुई यांची काडी ना ढवळायला, ना भाजायला, ना जाळायला. हे संघनायकाने फांदी दाखवून शिकवायचं, नुसतं सांगून पुरत नाही.

सिंहस्थात सेवेला जायचं ठरलं तर लागेल म्हणून स्ट्रेचरचाही सराव केला. दोन काठ्या, दोन बटणांचे शर्ट, बाह्या आत उलटवून. आधी संघातल्या सर्वांत जड मुलाला झोपवून वीतभरच उचलायचं आणि शिवण, बटणं तपासायची. पाच स्ट्रेचरपैकी एकाची बटणं तुटली. स्कार्फची झोळी मोठ्या माणसाच्या हाताला आखूड पडते, ती मुलांपुरतीच. मोठ्यांसाठी एक मीटर चौरस मांजरपाट तिरका कापून दोन त्रिकोणी पट्ट्या करून ठेवल्या.

शिबिरानंतर दोऱ्या साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवल्या. ४ मीटरच्या ४० पैकी चार बाद झाल्या, तीन निखाऱ्याने जळलेल्या, एक आतून काळी पडलेली. बाद दोऱ्यांचे तुकडे करून नव्या मुलांच्या व्हिपिंगच्या सरावाला ठेवले आहेत. बांबू अकरा शिल्लक, दोन चिरलेले. फेब्रुवारीत दोन काठ्यांच्या दुपायी आधारांवरचा दोरपूल करायचा आहे, त्याला २० मिमीची ३० मीटर दोरी कमी पडते आहे.