तुम्ही विचारलंत म्हणून: हवा किती भरायची?

नवीन सायकल घेतलेलं कुणीही भेटलं की दहा मिनिटांत हा प्रश्न येतोच. डांबरावरचा रोडवाला असो नाहीतर डोंगरवाटांवरचा माउंटनवाला, त्याला फक्त एक आकडा हवा असतो. मी आधी उलट विचारते, आत्ता किती भरता? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं, "टायरवर लिहिलीय तेवढी."

त्या लिहिलेल्या आकड्याने मला तीन वर्षं छळलं आहे. माझ्या पहिल्या रोड सायकलचे टायर 25 मिलिमीटरचे होते आणि कडेवर ठसवलं होतं, कमाल 120 पीएसआय (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप). त्यातला 'कमाल' मी वाचलाच नव्हता. दर रविवारी पंपावर ओणवी होऊन, शेवटचे चार-पाच दट्टे अक्षरशः पोटाचा भार टाकून द्यायचे आणि काटा 120 वर न्यायचे. अंगठ्याने दाबलं तर टायर दगडासारखा. तीस किलोमीटर झाले की तळव्यांना मुंग्या यायच्या, मान आखडायची. तरी मी खूश होते, कारण खालून सगळा रस्ता अंगात येत होता आणि मला वाटायचं, काय सुसाट पळतेय सायकल!

ती पळत नव्हती, नुसती थरथरत होती. हे कळलं एका उतारावर. खरबरीत डांबराचा लहानसा उतार, खाली गेल्यावर सपाट होणारा. वारा पडलेला होता. बरोबरच्या मैत्रिणीने सुचवलं, की एका खांबापाशी थांब, पाय उचल, पॅडल अजिबात मारू नकोस आणि सायकल थांबेल तिथे खडूने रेघ ओढ. आधी 120 वर तीन फेऱ्या केल्या, मग हवा सोडून 100 वर तीन, मग 85 वर तीन. टायर मऊ होत गेले तशा रेघा पुढे सरकत गेल्या. 85 ची सगळ्यात जवळची रेघसुद्धा 120 च्या सगळ्यात लांबच्या रेघेपुढे होती. माझा प्रयोग काही शास्त्रीय नव्हता, पण त्या रेघांकडे बघताना तीन वर्षांचे रविवार आठवले.

कारण समजायला सोपं आहे. टायर फिरताना रबर दबतं, पुन्हा फुगतं आणि त्यात थोडी ताकद वाया जाते. गुळगुळीत पृष्ठभागावर टायर जितका कडक तितकं हे नुकसान कमी, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत रोलरवर मोजलं तर कडक टायर जिंकतो. रस्ता तसा नसतो. प्रत्येक खड्याला कडक टायर दबत नाही, त्याऐवजी सायकल आणि तुम्ही दोघं मिळून वर उचलले जाता. ती उसळी शेवटी तुमच्या मांड्या, पोट, खांदे गिळतात. म्हणजे पुढे जायला लावलेला जोर अंग हलवण्यात खर्च होतो. एका मर्यादेनंतर हवा वाढवाल तितके तुम्ही हळू होता आणि रस्ता जितका खराब तितकी ती मर्यादा खाली येते.

गंमत म्हणजे हवेच्या टायरचा जन्मच या खडखडाटातून झाला. रॉबर्ट थॉमसनने 1845 मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं, पण ते विस्मरणात गेलं. पुढे बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन डनलॉप यांनी 1888 मध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेची चाकं बसवली. पुढच्याच वर्षी विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने हेच मऊ टायर घालून भरीव रबरवाल्यांना शर्यतीत मागे टाकलं. थोडक्यात, ही चूक तेव्हाच दुरुस्त झाली होती. मी ती नव्याने करत होते.

आता आकडे. टायर जमिनीला किती टेकतो ते वजन आणि हवेचा दाब ठरवतात. एका चाकावर 40 किलो भार असेल आणि हवा 80 पीएसआय, तर टेकलेला भाग साधारण 7 चौरस सेंटीमीटर, म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढा. माउंटनच्या टायरमध्ये 25 पीएसआय असेल तर तोच भाग अर्ध्या व्हिजिटिंग कार्डाएवढा होतो. ओल्या मुळावर किंवा सुट्या खडीवर तुम्ही घसरता की तगता, हे तेवढ्या भागावर ठरतं. म्हणून तुमचं वजन आणि टायरची रुंदी विचारल्याशिवाय कुणी आकडा फेकत असेल तर ऐकू नका.

तरी सुरुवातीला धरायला काहीतरी हवं. रोड सायकल, तुमचं वजन 70 किलोच्या आसपास, टायर 28 मिलिमीटरचे, आत ट्यूब, तर पुढे 70 आणि मागे 75 पीएसआय. मागे जास्त, कारण बसल्यावर निम्म्याहून अधिक भार मागच्या चाकावर येतो. माउंटनला 2.3 किंवा 2.4 इंची ट्यूबलेस असेल तर पुढे 21, मागे 24. ट्यूब असेल तर चार-पाच वाढवा, नाहीतर दगडाच्या कडेवर रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. तशी जोडी दिसली की समजा, हवा कमी होती. एकच भोक असेल तर काटा किंवा काच शोधा, आणि टायरच्या आतून बोट फिरवल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. मी एकदा घातली. दोनशे मीटरवर पुन्हा खाली बसले होते. आणि रिम हुकलेस असेल, म्हणजे टायर अडकवून धरणारी आतली आकडी तिला नसेल, तर 72.5 च्या वर जायचंच नाही. तिथे टायर रिमवरून सुटू शकतो, त्यामुळे वरचे रोडचे आकडे तुम्हाला तसेच चालणार नाहीत.

इथून पुढे दोन-दोन पीएसआयने कमी करत जा. वळणावर टायर लिबलिबीत वाटला किंवा रिम खाली आपटल्याचा ठक्क आवाज आला, की दोन परत वाढवा. तो तुमचा आकडा. मात्र मोजायचं दर वेळी एकाच पंपाने. दोन पंपांचे काटे एकमेकांशी क्वचितच जुळतात.

आणि हो, टायर पंक्चर नसला तरी हवा उतरते, ट्यूबच्या रबरातून झिरपत असते. गॅसच्या छोट्या नळकांडीने भरली असेल तर आणखी लवकर, कारण कार्बन डायऑक्साइड त्या रबरातून हवेपेक्षा भरभर निसटतो. वाटेत तशी भरलीत तर घरी येऊन सोडा आणि पंपाने पुन्हा भरा.

हवेच्या प्रश्नामागोमाग सहसा गुडघ्याचा प्रश्न येतो, आणि तिथेही हाच भास असतो. मोठ्या गिअरवर कचाकच पॅडल दाबलं की वाटतं, आज दणकून मेहनत झाली. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं की मी दोनच गोष्टी बघते, गिअर आणि सीट. गिअर हलका करून मिनिटाला 80 ते 90 फेरे मारायला सांगते, तर पहिले काही दिवस लोक कुरकुरतात, "पायाला काही लागतच नाही." लागायला नकोच आहे! सीट बहुतेक नवख्यांची खाली असते, कारण बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकलेले बरे वाटतात. टाच पॅडलवर ठेवा, पॅडल अगदी खाली न्या, पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने मारताना गुडघा हवा तेवढा वाकतो. आता थांबताना सीटवरून पुढे उतरावं लागतं, चार दिवसांत सवय होते. गुडघ्याच्या मागच्या बाजूला ओढ बसत असेल तर उलट, सीट जरा जास्त वर गेलीय.

खाण्याचं एका वाक्यात सांगते: दोन तासांच्या वरची राइड असेल तर भूक लागायची वाट न बघता तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या.

परवा एकाने विचारलं, हे सगळं ठीक आहे, पण तुम्ही स्वतः किती भरता? माझ्या पंपाच्या दांड्यावर चिकटपट्टी आहे. त्यावर चार आकडे आहेत, दोन रोडचे, दोन माउंटनचे, आणि बाजूला 'ओलं असेल तर 3 कमी'. गेल्या वर्षी चारही आकडे खोडून थोडे वाढवून लिहिले. टायर तेच आहेत. त्यामुळे आकडे सांगत नाही, वरचा हिशोब तुम्ही नुकताच वाचलाय.