आमची वाटचाल: घोडं, आरव्ही आणि मुक्कामाची जागा

‘तुम्ही नक्की करता काय?’ हा प्रश्न आम्हाला ओहायोतल्या प्रत्येक मराठी घरगुती समारंभात विचारला जातो. उत्तर ऐकून समोरचा हसतो, मग थोड्या वेळानं परत येतो आणि नीट विचारतो. आम्ही घोडेवाल्या कुटुंबांना मुक्कामाची जागा शोधून देतो. ज्यांच्याकडे आरव्ही, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी आहे, एखाद-दुसरं घोडं आहे, शाळकरी मुलं आहेत आणि सुट्टी मोजकी आहे, त्यांनी कुठल्या कॅम्पग्राउंडवर उतरावं, तिथं गाडी वळते का, पाणी कुठं आहे, घोड्यानं रात्र कुठं काढायची, एवढी चौकशी आधी करून ती त्यांच्या हातात ठेवायची. ऑफिस घराच्या तळघरात. स्टाफ म्हणजे मी आणि माझा नवरा.

या धंद्यात शिरलो ते मुलीमुळे. ती घोडेस्वारी शिकायला जायची, तिथल्या एका घोडीवर जीव जडला, आणि मग ती घोडी अर्ध्या खर्चावर वापरायला मिळाली. तबेल्यातली बाकीची कुटुंबं सुट्टीला ट्रेलर जोडून इंडियाना, केंटकीकडे निघायची. त्यांच्या मागोमाग आम्हीही. नवरा मालवाहू ट्रकांचं वेळापत्रक लावायच्या नोकरीत मुरलेला. निघण्याआधी फोन करून दहा प्रश्न विचारायचे आणि उत्तरं वहीत लिहायची, ही त्याची सवय. ती वही हळूहळू लोकांच्या घरी फिरू लागली, परत येईना, तेव्हा म्हटलं, आता पैसे घ्यायला हरकत नाही.

त्या वहीत पहिला प्रश्न अजूनही तोच आहे: घोडं रात्री कुठं उभं राहणार? ‘घोड्यांचं स्वागत’ अशी पाटी असलेल्या कित्येक जागी घोड्याला फक्त दिवसा परवानगी असते. ट्रेलर लावा, फिरून या, संध्याकाळी चालू पडा. जिथं रात्रीची सोय आहे तिथंही कुठं छपराखालचा ठाण असतो, कुठं लोखंडी पाइपांचा गोठ्याएवढा चौक, कुठं नुसते बांधायचे खांब, आणि जंगल खात्याच्या बऱ्याच कॅम्पांवर दोन झाडांमध्ये ताणलेला दोर, ज्याला इथं हायलाइन म्हणतात. नवख्या कुटुंबाला मी आधी चौकवाली जागा सुचवते. हायलाइन चांगलीच, पण ती घोड्याला घरी शिकवलेली असावी लागते. दोर साधारण सात फूट उंच, खोडाला रुंद पट्टा गुंडाळून, म्हणजे साल कापली जात नाही. घोडं खोडापासून इतकं दूर की त्याला साल कुरतडता येऊ नये आणि कंटाळून पुढच्या पायानं मुळं उकरता येऊ नयेत. खालचा दोर इतकाच लांब की नाक गवतापर्यंत पोचावं, पाय मात्र त्यात अडकू नये. पहिल्या रात्री घोडं ओरडतं, फिरतं, शेजारचं घोडं दिसेनासं झालं की आणखी ओरडतं. शेजारच्या आरव्हीत तान्हं बाळ असेल तर हेही आधी सांगावं लागतं.

झाडांचा विषय निघालाच आहे तर, पूर्वेकडच्या कॅम्पांवर रेड मेपल सर्रास असतो. त्याची हिरवी पानं सहसा त्रास देत नाहीत, पण वादळात फांदी पडून पानं सुकली की ती घोड्याला विषारी. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि घोडं दगावूही शकतं. त्यामुळं जागा ताब्यात घेतली की आरव्हीची पातळी जुळवण्याआधी घोड्याच्या उभं राहण्याच्या जागेभोवती एक फेरी मारा, असं आमच्या प्रत्येक पत्रकात ठळक अक्षरात असतं.

पाण्याबद्दल लोक ‘नळ आहे’ एवढ्यावर खूष होतात. एक घोडं दिवसाला २० ते ४० लिटर पाणी पितं, उन्हात त्याहून जास्त. दोन घोडी आणि नळ तीनशे पावलांवर, म्हणजे सुट्टीभर बादल्या वाहायच्या. सामाईक हौद असला तरी आम्ही स्वतःच्या बादल्या न्यायला सांगतो, कारण स्ट्रँगल्ससारखा घशाच्या गाठींचा आजार अशाच पाण्यातून पसरतो. लीद टाकायची जागा कुठं आहे तेही विचारावं. एका घोड्याची रोजची लीद-मूत मिळून वीसेक किलो भरते, आणि वाऱ्याच्या दिशेला तो ढीग असेल तर जेवणाच्या टेबलावर माशाच माशा.

आता गाडी. बहुतेकांना वाटतं, आरव्हीलाच मागं घोड्यांचा ट्रेलर जोडू. पण अनेक क्लास सी, म्हणजे मध्यम आकाराच्या, आरव्हींची ओढायची मर्यादा ५,००० पौंड असते आणि दोन घोड्यांचा भरलेला ट्रेलर सहज त्याच्या वर जातो. म्हणून निघतात दोन वाहनं: एकजण आरव्ही चालवतो, दुसरा पिकअपला ट्रेलर जोडतो. मग कॅम्पवर दोघांनाही जागा हवी. ‘आमच्याकडे मोठ्या जागा आहेत’ या उत्तरावर नवऱ्याचा विश्वास नाही. तो लांबी फुटांत विचारतो, गाडी जागेतून आरपार निघते की मागं घ्यावी लागते ते विचारतो, आणि शेवटचे पाच मैल रस्ता कसा आहे ते विचारतो. ग्रेट स्मोकी माउंटन्स या राष्ट्रीय उद्यानात घोड्यांसाठी पाच कॅम्प आहेत. त्यातला कॅटालूची दरीतला अनेकांना हवा असतो, कारण २००१ पासून तिथं एल्क, म्हणजे मोठ्या जातीची हरणं, पुन्हा आणून सोडली. पण दरीत उतरणारा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा. त्यात २०२४ च्या हेलेन वादळानं त्या भागातल्या रस्त्यांची वाताहत केली. तेव्हापासून जुन्या नोंदीवर आम्ही कुणाला पाठवत नाही, दरवेळी नव्यानं फोन.

कागदपत्रांचं काम मी बघते. कॉगिन्स चाचणीचा निगेटिव्ह अहवाल बहुतेक राज्यांना बारा महिन्यांच्या आतला लागतो, काहींना सहा. घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठीची ही चाचणी. आजार चावऱ्या माश्यांतून पसरतो, त्यावर इलाज नाही, आणि घोडं पॉझिटिव्ह निघालं तर मारावं तरी लागतं किंवा जन्मभर इतरांपासून २०० यार्ड लांब ठेवावं लागतं. राज्याची हद्द ओलांडायची तर पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र हवं, आणि ते बहुधा ३० दिवसच चालतं. निघायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात फोन करणं म्हणजे वरातीमागून घोडं, तेही अक्षरशः. पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी आणखी एक: तिथल्या बऱ्याच राष्ट्रीय वनांत तणाचं बी नसलेलं, प्रमाणित गवतच चालतं. जांभळ्या-पिवळ्या सुतळीनं बांधलेली गासडी हा त्याचा एक ओळखीचा प्रकार. घोड्याला ते गवत निघण्याआधी दोन-तीन दिवस सुरू करा, म्हणजे पोटातलं जुनं बी जंगलात पडत नाही आणि वैरण बदलल्यानं पोटही बिघडत नाही.

आमचं खरं मत मात्र वेगळ्याच गोष्टीवर आहे, आणि त्यावरून काही गिऱ्हाइकं गेलीही. जागा घोड्यावर बसणाऱ्यांसाठी निवडू नका, न बसणाऱ्यासाठी निवडा. प्रत्येक कुटुंबात असा एकजण असतोच. बहुधा बाप, नाहीतर धाकटं भावंडं. आई आणि मोठी मुलगी सकाळी चार तास रानात जातात, मागं राहिलेल्यांनी काय करायचं? म्हणून मध्य-पश्चिमेतल्या पहिल्या सहलीला आम्ही इंडियानातलं ब्राउन काउंटी स्टेट पार्क सुचवतो. घोडेवाल्यांचं कॅम्पग्राउंड वेगळं, घोड्यांच्या वाटा सत्तरेक मैल, आणि त्याच पार्कात सायकलच्या वाटा नि पोहण्याची सोय. जवळच नॅशव्हिल नावाचं छोटं गाव आहे, पण टेनेसीतलं ते नव्हे, हे दरवेळी सांगावं लागतं. साउथ डकोटातल्या कस्टर स्टेट पार्कचा फ्रेंच क्रीक हॉर्स कॅम्पही माझ्या आवडीचा. तिथं फक्त घोडी आणणाऱ्यांनाच जागा मिळते, त्यामुळं सगळे एकाच पंथाचे. बायसनचे, म्हणजे इथल्या रानगव्यांचे, कळप मात्र वाटेत येतात, आणि ज्या घोड्यानं कधी बायसन पाहिला नाही त्याच्या पाठीवर दहा वर्षांचं पोर बसवू नये.

पैशाचं म्हणाल तर हा धंदा उन्हाळ्याचा. हिवाळ्यात फोन लावणं, नोंदी ताज्या करणं आणि पुढच्या हंगामाची आरक्षणं, कारण सरकारी कॅम्पग्राउंडांवर अनेक जागा सहा महिने आधी खुल्या होतात आणि लाँग वीकेंडच्या तर बघता बघता संपतात. कॅम्पग्राउंडवाल्यांकडून आम्ही कमिशन घेत नाही. घेतलं तर ‘तुमच्या चौकाचं फाटक लागत नाही’ हे तोंडावर कसं सांगणार? फी कुटुंबाकडून, सहलीमागे एकदा. ट्रेलर किंवा घोडी भाड्यानं मिळवून देण्याचं काम आम्ही घेत नाही, खूप जण विचारतात तरी.

वहीची आता संगणकावर यादी झाली आहे. नवरा अजून वहीतच लिहितो आणि रविवारी मी ते उतरवून घेते. यंदा त्यानं एक नवा रकाना पाडला आहे: कॅम्पग्राउंडवर मोबाइलला रेंज आहे की नाही, आणि नसेल तर जवळचा घोड्यांचा डॉक्टर किती मैलांवर.