बाईंचा भोपळा

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आलं तेव्हा मी अंगणात भोपळे घासत बसलो होतो. हात बुरशीने काळे, म्हणून पत्र बायकोने वाचून दाखवलं. शाळेने काय दिलं ते लिहा म्हणे. मला शाळेने भोपळा दिला. गणितातलाही दिला, पण तो विनोद मी प्रत्येक प्रदर्शनात करतो, इथे राहू दे.

लिहायचंय ते कार्यानुभवाच्या बाईंबद्दल. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये.

1988 साल, आठवी. सायकल स्टँडच्या पत्र्यावर बाईंनी कडू भोपळ्याचा वेल चढवला होता. वेल फोफावला, फुलं आली, पण फळ धरेना. बोराएवढं व्हायचं आणि पिवळं पडून गळायचं. बाई म्हणाल्या, "हे फूल उमलतं संध्याकाळी आणि तुम्ही घंटा झाली की पळता. कळणार कसं?" शनिवारी दिवेलागणीला आम्हा तिघांना बोलावलं. घरी सांगितलं, भोपळ्याचं लग्न लावायला शाळेत चाललोय. आईने आधी कपाळाला हात लावून ताप बघितला.

बाईंनी बॅटरी धरली, आम्ही स्टुलावर. नराचं फूल लांब देठाचं. मादीच्या फुलामागे पेराएवढा, लव असलेला भोपळा आधीच बसलेला असतो. नराचं फूल तोडायचं, पांढऱ्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला परागाचा गोंडा मादीच्या फुलात अलगद टेकवायचा. मी जोरात दाबला. "अरे, पोस्टात शिक्के मारतोयस का?" आम्ही इतके हसलो की शिपाईमामा काठी घेऊन धावत आले. त्या रात्री नऊ फुलं झाली, सहा धरली. माझं शिक्क्याचं गळलं.

वेल वाळेपर्यंत फळाला हात लावायचा नाही, हा बाईंचा दंडक. नंतर देठासकट उतरवून प्रयोगशाळेत टांगले. मार्चपर्यंत त्यांच्यावर काळी-पांढरी बुरशी चढली आणि फेकून देण्याचा हुकूम आला. बाई म्हणाल्या, "बुरशी आली म्हणजे वाळतोय. बोट रुतलं तर नासला." बोट रुतलं नाही. जूनमध्ये ओल्या पोत्यात रात्रभर गुंडाळून ठेवले आणि तारेच्या घासणीने घासले, तेव्हा सालीखालून बदामी रंगाचं लाकूड निघालं. हलवला की आत बिया खुळखुळायच्या.

मग बाईंनी आम्हाला सतारमेकर गल्लीत नेलं. मिरजेत राहून मी तोवर तिथे कधी पाय ठेवला नव्हता. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले घागरीएवढे भोपळे माळ्यावर रचलेले, आणि कारागीर बोटाच्या पेराने ठोकून, कान लावून, त्यातला तंबोऱ्याचा कुठला ते निवडत होते. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी उगाचच पेढे वाटले. माझे भोपळे वाजत नाहीत, उजळतात; मी त्यांचे दिवे करतो.

वीस गुंठ्यांत वेल आहेत. मांडव उंच ठेवतो, म्हणजे फळ लोंबतं आणि मान सरळ राहते. बुडाशी सपाट हवा असेल तर जमिनीवर गवताच्या चुंबळीवर बसवतो. करवतीच्या पात्याने बूड कापायचं, आतला गर खरवडायचा (नाकाला फडकं बांधून, ती धूळ छातीत बसते), मग तापल्या सळईने नक्षी आणि बारीक गिरमिटाने भोकं. एका दिव्याला दोन-तीन हजार भोकं सहज पडतात. पुण्या-मुंबईत प्रदर्शनं झाली, गोव्यातून दिव्यांची मागणी असते. स्तुती पुरे.

गेल्या वर्षी शाळेत डोकावलो. सायकल स्टँडच्या जागी पेव्हर ब्लॉक. कार्यानुभवाच्या तासाला काय करता, असं एका मुलाला विचारलं. "गणिताचा जादा तास," तो म्हणाला. वेल लावायला आता भोकाएवढीही माती नाही.

दिवाळीत बाईंकडे दिवा घेऊन गेलो. नजर अधू झालीय, त्यामुळे नक्षी दिसली नाही. मांडीवर घेऊन त्यांनी बोटाने ठोकला, कान लावला, परत ठोकला.

"लवकर उतरवलास."

अवकाळी पावसाच्या धास्तीने तीन आठवडे आधी उतरवला होता खरा. दिवा तिथेच ठेवला. या हंगामातला दुसरा वेलावर आहे, अजून हात लावलेला नाही.