तुम्ही विचारलेत म्हणून : जो पोहत नाही, त्याने तलावासाठी घरपट्टी का भरावी?

दर वर्षी एप्रिल लागला की लवकर कर भरणाऱ्याला मिळणारी सवलत हातची जाऊ नये म्हणून नाशिकमधल्या आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत घरोघर घरपट्टीची बिले बाहेर निघतात, आणि त्याच आठवड्यात केव्हातरी शेजारचे नाना मला जिन्यात गाठून तोच प्रश्न विचारतात. "वहिनी, तुम्ही पोहता, तुम्हाला तलाव हवा हे मला पटतं. पण मी उभ्या जन्मात पाण्यात उतरलो नाही. मग माझ्या घरपट्टीतून तलाव कशाला?" प्रश्न एकट्या नानांचा नाही. आमच्या भागात जलतरण तलाव आणि त्याला जोडून क्रीडा व विरंगुळा केंद्र व्हावे यासाठी मी सह्या गोळा करते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांपैकी निम्मे लोक पहिल्या भेटीत हेच विचारतात. जिन्यात उभ्याने देण्याइतके हे उत्तर लहान नाही, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

बँकेत हिशेब पाहण्यात माझी तीस वर्षे गेली. त्या काळात माझ्या प्रत्येक पगारपत्रकावर व्यवसाय कराची कपात असे. महाराष्ट्रात हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. मी कधी हातात फावडे घेऊन पाझर तलावाच्या कामावर गेले नाही आणि जाण्याची वेळही माझ्यावर आली नाही, पण दुष्काळी भागातल्या कोणाला तरी काम मिळावे यासाठी माझ्या पगारातून पैसे जात होते, आणि ते वाया गेले असे मला एकदाही वाटले नाही. करामागची कल्पनाच ही आहे की ज्याने पैसे दिले त्यालाच वस्तू मिळेल असा तो दुकानातला व्यवहार नसतो. नानांच्या घरपट्टीच्या बिलात अग्निशमनाचा वाटा असतो. त्यांच्या घराला कधी आग लागली नाही याचा त्यांना आनंद आहे, तक्रार नाही.

अर्थात आग विझवणे आणि पोहणे एका तराजूत बसत नाही, हे मलाही मान्य आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमही तसेच मानतो. पाणी, मलनिस्सारण, रस्ते आणि दिवाबत्ती ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये कलम ६३ मध्ये येतात, तर पोहण्याचे तलाव कलम ६६ मध्ये, म्हणजे स्वेच्छेने करावयाच्या कामांत मोडतात. मात्र त्या कलमात त्यांचा उल्लेख सार्वजनिक आरोग्य सुधारणाऱ्या सोयींमध्ये आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. आपण नाशिककर नदीला गंगा म्हणतो, सणावाराला गंगेवर जातो, पण आपल्या मुलांना पोहायला शिकवण्याची सवय मात्र आपण सोडून दिली. माझे वडील पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधून गोदावरीत पोहायला शिकले. आज नदीचे पाणी तसे राहिले नाही आणि शिकवणारी वडीलधारी मंडळीही घाटावर नसतात; मुले मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत नदीवर, धरणावर आणि खाणींच्या साचलेल्या पाण्यावर जातच असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदींनुसार २०२२ या एका वर्षात देशात ३८ हजारांहून अधिक लोक बुडून मरण पावले. शहरातल्या प्रत्येक मुलाला सातवीपर्यंत पोहता आले पाहिजे, असे मी म्हणते तेव्हा मला पदके डोळ्यांसमोर दिसत नाहीत, गणवेश काठावर ठेवून पाण्यात उतरणारी मुले दिसतात.

नाना यावर म्हणतात, "मग ज्याला शिकायचं त्याने फी भरावी." फी असावीच, पण तलावाचा सगळा खर्च फीमधून काढायचे ठरवले की काय होते ते मी जवळून पाहिले आहे. नोकरीत असताना माझी दुसऱ्या एका गावी बदली झाली होती, आणि गुडघ्याच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी सांगितले म्हणून वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी तिथल्या सार्वजनिक तलावावर पोहायला शिकले. वर्षभरात तो तलाव ठेक्याने दिला गेला. मासिक फी जवळजवळ दुप्पट झाली, आणि दुपारची महिलांची बॅच, तीत जेमतेम अकरा जणी असल्यामुळे, बंद झाली. ठेकेदाराचे गणित चुकले नव्हते. अकरा जणींच्या फीत महिला प्रशिक्षक आणि जीवरक्षक यांचा पगार निघत नाही, हे मी कागदावर मांडून पाहिले होते. पण घरकाम करणाऱ्या ज्या दोन मुली माझ्यासोबत शिकत होत्या, त्या पुन्हा पाण्याकडे फिरकल्या नाहीत.

त्याच तलावावरची एक सकाळ मला अजून स्पष्ट आठवते. प्रशिक्षक रोज सहाच्या बॅचआधी काचेच्या छोट्या नळीत तलावाचे पाणी घेत, त्यात तपासणीच्या द्रावणाचे थेंब टाकत आणि नळी उजेडाकडे धरून पाहत. पाण्यात पुरेसा क्लोरीन असला की त्याला पिवळा रंग चढतो. त्या दिवशी त्यांनी तीनदा थेंब टाकले आणि तिन्ही वेळा पाणी पांढरेच राहिले. तलाव इतका नितळ होता की तळाच्या फरशीवरच्या रेघा मोजता याव्यात. त्यांनी शिडीला साखळी लावली आणि आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाले, "ताई, पाणी चांगलं दिसतंय, पण आज कोणालाही उतरवणार नाही." आदल्या महिन्याचे बिल अडकल्यामुळे क्लोरीन आलाच नव्हता. कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेला तलाव काही हजारांच्या एका बिलासाठी नऊ दिवस बंद राहिला.

माझा सारा आग्रह या नऊ दिवसांतून आला आहे. आपल्याकडे तलाव बांधायला पैसा मिळतो. विकास आराखड्यात आरक्षणे असतात, मोठ्या जमिनीचे भूखंड पाडतानाच्या रेखांकनांत (लेआउटमध्ये) १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, शासनाचे अनुदान येते, आणि खासदारांना स्थानिक विकासासाठी दर वर्षी ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात. पण खासदार निधीच्या नियमांतच असे आहे की तो पैसा टिकाऊ मालमत्ता उभारण्यासाठी वापरायचा, ती चालवण्याच्या आवर्ती खर्चासाठी नाही. फीत कापली जाते, नावाची पाटी लागते आणि त्यानंतरची तीस वर्षे पंपाची वीज, गाळणीतली वाळू, क्लोरीन, जीवरक्षकांचे पगार आणि रात्रपाळीचा पहारेकरी यांचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न उघडाच राहतो. कुलूप लागलेले समाजमंदिर आणि गंजलेली खुली व्यायामशाळा ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. दर वर्षी न चुकता येणारा पैसा शहराकडे एकच आहे आणि तो म्हणजे कर. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर गेला, २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या भरपाईसाठी राज्याकडे पाहावे लागते. जो कर आपण आपल्या शहरात ठरवतो आणि ज्याचा जाब आपल्याच शहरात विचारू शकतो, तो आता मुख्यतः घरपट्टीच उरला आहे.

तलावात पाणी वाया जाते, या आक्षेपाबद्दल थोडे सांगते, कारण शहराला पाणी देणाऱ्या गंगापूर धरणाचा साठा उतरला की हाच आक्षेप सर्वांत आधी येतो. तलावाचे पाणी रोज बदलतात, असा अनेकांचा समज आहे. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावात सुमारे ४ लाख ३७ हजार लिटर पाणी मावते, आणि तेच पाणी गाळणीतून पुन्हा पुन्हा फिरवले जाते. कडक उन्हात दिवसाला ६ मिलिमीटर पाणी उडाले असे धरले तरी ते १,९०० लिटरच्या आसपास होते. गाळणी उलटी धुताना जाते ते वेगळे. पाणीकपातीच्या दिवसांत तलाव बंद ठेवावा लागला तर मी त्याला विरोध करणार नाही. पिण्याचे पाणी आधी, यात वादच नाही.

आता पैशाचे. समजा, एक तलाव आणि त्याला लागून बॅडमिंटनचे सभागृह, अभ्यासिका व ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र असे संकुल चालवायला, फी वजा जाता, वर्षाला १ कोटी रुपये लागले. २०११ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १४,८६,०५३ होती. तीच धरली तरी माणशी वर्षाला सात रुपयांहून कमी पडतात, आणि प्रत्येक विभागात असे एक संकुल म्हटले, तर सहा विभागांचे मिळून सुमारे चाळीस रुपये. घरपट्टी माणशी नसते, करयोग्य मूल्यावर, म्हणजे करासाठी ठरवलेल्या मालमत्तेच्या मूल्यावर असते, त्यामुळे मोठ्या मालमत्तेवर जास्त आणि दोन खोल्यांच्या घरावर कमी बोजा पडेल, हे मला न्याय्य वाटते. यासाठी दर वाढवा, असे मी म्हणत नाही. २०१८ मध्ये करयोग्य मूल्याच्या वाढीवरून शहर कसे पेटले होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. घरपट्टीतल्या सर्वसाधारण करातला एक ठरावीक हिस्सा तलावांच्या नावाने वेगळ्या खात्यात ठेवावा, एवढीच माझी मागणी आहे.

अमेरिकेतल्या अनेक गावांत अशा केंद्रासाठी किती कर, किती वर्षांसाठी, हे लिहून त्यावर रहिवाशांचे मतदान घेतात. आपल्या अधिनियमात तसे मतदान नाही. पण वेगळे खाते ठेवण्याची शिस्त आपल्याला परकी नाही. प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीला आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का रक्कम दुरुस्ती निधीसाठी आणि पाव टक्का सिंकिंग फंडासाठी, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांच्या राखीव निधीसाठी, दर वर्षी बाजूला काढावी लागते. आमच्या सोसायटीची लिफ्ट बदलण्याची वेळ आली तेव्हा त्याच निधीने आम्हाला तारले. १० कोटींच्या संकुलाला हाच हिशेब लावला, तर वर्षाला १० लाख होतात. हे पैसे पहिल्या वर्षापासून बाजूला पडले, तर पंधराव्या वर्षी गाळणी बदलण्यासाठी कोणाच्या दारात जावे लागणार नाही.

पुढच्या वर्षाचे कराचे दर अधिनियमाप्रमाणे २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात, म्हणून मी माझे पत्र दर वर्षी जानेवारीत पाठवते. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर ते प्रशासकांच्या नावे लिहावे लागले, तरी मी ते थांबवले नाही. पत्रात चार मुद्दे असतात : वेगळे खाते, दुरुस्ती निधी, महिला आणि महापालिका शाळांतील मुलांसाठी राखीव बॅच, आणि क्लोरीन व विजेची बिले ठरलेल्या मुदतीत चुकती करण्याची लेखी हमी.

मागच्या खेपेला ते पत्र मी सहीसाठी नानांकडे नेले. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि सही न करता मला विचारले, "खातं वेगळं ठेवतील, पण वर्षअखेरीस ते उघडून कोण बघणार?" मी घरी आले आणि पत्रात पाचवा मुद्दा घातला : खात्याचा जमाखर्च दर वर्षी एप्रिलमध्ये, घरपट्टीची बिले निघतात त्याच आठवड्यात, तलावाच्या फाटकावर लावावा.