वाजत राहिलेले टाळ

ही गेल्यापासून आमच्या देवघरात दिवा लागला नव्हता. राग होता. तिच्या एकादश्या, तिची तुळस, रोजचा हरिपाठ, सगळं असून शेवटच्या महिन्यांत तिला जे सोसावं लागलं ते मी उशाशी बसून पाहिलं होतं. जाब विचारायला समोर कुणी नव्हतं. आमच्या गल्लीतल्या भजनी काकांनी दिंडीची भिशी, म्हणजे वर्गणी, परस्पर भरली आणि म्हणाले, "विठ्ठलाशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. नुसता चाल."

चाललो. आळंदीचं प्रस्थान गर्दीत दिसलंच नाही. पुण्यात पाऊस. दिवेघाट एकादशीच्या उपासात चढलो. जेजुरीला भंडारा. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घातलं तेव्हा मी टँकरच्या रांगेत उभा होतो.

त्या दिवसांतलं जास्त आठवतं ते चिडणंच. राहुटीत ओल, पहाटे काकड्याच्याही आधी ट्रकचे हॉर्न, हातात तांब्या घेऊन अंधारात आडोसा शोधणं. फोटो काढायला आलेली मंडळी तर थेट पुढ्यात येत. "माउली, जरा हात वर करा ना." माझ्या तोंडावर काय आहे हे यांना दिसत नाही का, असं वाटून अंगाचा तिळपापड व्हायचा. तेवढ्यात मागच्या रांगेतून पखवाज घुमायचा आणि पाय आपोआप पावलीत पडायचे. हिच्या आजारपणानंतर पहिल्यांदा मी ताल धरला तो असा, कपाळावर आठ्या असतानाच.

बरडहून नातेपुत्याकडे निघालो त्या दिवशी डाव्या टाचेला फोड आला होता. पाऊस मागेच राहिलेला. धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागतो, तिथून पुढे ऊन असं लागलं की डांबराची धग चपलेतून वर येत होती. दुपारपर्यंत टाच टेकवेना. दिंडी पुढे गेली, मागून दुसरी आली, तीही गेली. मी रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसलो आणि ठरवलं, संध्याकाळी एसटी धरायची.

परभणीकडच्या कुठल्याशा दिंडीतली एक म्हातारी थांबली. डोक्यावरची तुळस तिनं नीट सावलीत ठेवली, समोर फतकल मारून बसली आणि न विचारता माझा पाय मांडीवर ओढला.

"अहो आजी, राहू द्या."

"गप बैस."

कमरेच्या पिशवीतून सुई निघाली. काडी ओढून तिनं सुईचं टोक लाल होईस्तोवर धरलं. काळा दोरा खोबरेल तेलात बुडवून ओवला. फोडाच्या एका अंगानं सुई घातली, दुसऱ्या अंगानं काढली, आणि दोरा तसाच आत ठेवून दोन्हीकडे बोटभर टोकं सोडली. पाणी दोऱ्यावरून ठिबकायला लागलं. "दोरा वढू नको. कातडं सोलू नको. उद्याच्याला बसंल." मग वर हळद दाबली. तिच्या हाताला शेण, तेल, बुक्का असा सगळा मिळून वास होता.

"घरचं कोण गेलं?" तिनं मान वर न करता विचारलं. मी सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाली. नशीब, कर्म, देवाची इच्छा, यातलं काहीही ती बोलली नाही. वर्षभर भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं मला तेच ऐकवलं होतं.

उठताना ती वाकली आणि तिनं माझ्या त्या घाणेरड्या, हळदीनं माखलेल्या पायावर डोकं ठेवलं. मी पाय मागे घेऊ लागलो तर म्हणाली, "हे पाय पंढरीला चाललेत बाबा. कुणाचे का असंनात." तुळस डोक्यावर घेतली आणि गेली. मी तिथे बसून खूप रडलो. जाणाऱ्या दिंड्यांपैकी कुणी थांबलं नाही, ते बरं झालं. देव भेटला म्हणतात तो मला त्या बाभळीखाली भेटला, यात मला तिळमात्र शंका नाही.

लंगडत तळावर पोचलो तेव्हा समाजआरतीची वेळ झाली होती. चोपदारांनी चांदीचा दंड उंच केला, 'हो' अशी हाळी दिली, आणि सगळ्या दिंड्यांचे टाळ एका क्षणात थांबले. एक दिंडी मात्र वाजवतच राहिली. ज्या दिंडीची तक्रार असते ती टाळ थांबवत नाही, हा रिवाज जुना आहे, अनेकदा पाहिलेला. त्या संध्याकाळी तो मला अंगावर आला. आरती खोळंबली होती. चोपदार त्या दिंडीपाशी गेले, गाऱ्हाणं ऐकून घेतलं, मग टाळ थांबले, हरवल्या-सापडल्याचं सांगून झालं, उद्याच्या निघण्याची वेळ पुकारली, आणि त्यानंतर आरती. माउलींच्या दरबारात गाऱ्हाणं आधी. जनाबाईनं विठ्ठलाला शिव्या दिल्या त्याही याच हक्कानं.

पुढचं सदाशिवनगरचं रिंगण, वेळापूरचा धावा, वाखरी, सगळं एकमेकांत मिसळून गेलं. पंढरपुरात रांगेत उभं राहायची ताकद नव्हती. नामदेव पायरीच्या अलीकडून कळसाचं दर्शन घेतलं. हात जोडले नाहीत. आधी सगळं सांगितलं: औषधांची नावं, रात्री, तिनं शेवटी मागितलेलं पाणी आणि डॉक्टरांनी नको म्हटलं म्हणून मी न दिलेलं. मोठ्यानं सांगितलं. शेजारच्या बायांनी तोवर फुगडी धरली होती, त्यांना जागा हवी होती. "माउली, सरका जरा," म्हणाल्या. मी सरकलो आणि तिथून पुढचं सांगायला लागलो.