चुकीचे ड्रॉइंग

टर्नर ट्रेडचा, म्हणजे लेथवर धातूचे गोल भाग घडवण्याच्या व्यवसायाचा, निदेशक म्हणून मी बरीच वर्षे काम करीत आहे आणि दर वर्षी आमच्या मागणीपत्रात पहिली ओळ नव्या यंत्रांची असते. आमची मुले हाताने चालवायच्या लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, शिकतात आणि कारखान्यात गेल्यावर त्यांच्यासमोर संगणकाने चालणारे सीएनसी यंत्र येते, त्यामुळे ती मागे पडतात, अशी माझी पक्की समजूत होती. एका कारखान्याचे फोरमन निवडचाचणीसाठी आमच्या कार्यशाळेत आले, त्या दिवशी ही समजूत मोडली.

चाचणीला शेवटच्या वर्षातील सहा प्रशिक्षणार्थी होते. फोरमनांनी प्रत्येकाला सळईचा एक तुकडा, एक ड्रॉइंग म्हणजे मापे लिहिलेला आराखडा, आणि दोन तास दिले. तीन टप्प्यांचा साधा शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, करायचा होता आणि त्यातील मधल्या टप्प्याचा व्यास २५ एच७ होता, म्हणजे २५.००० मिलिमीटरच्या वर जायचे नाही आणि २४.९७९ च्या खाली उतरायचे नाही. यंत्रे आमचीच, रोजच्या सवयीची होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

सर्वांत आधी आमचा सर्वांत चपळ मुलगा जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, घेऊन आला. डिजिटल मायक्रोमीटरवर २४.९८५ दिसत होते. फोरमनांनी जॉबला हात लावला, तो सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजणीच्या सपाट पाटावर, ठेवला आणि काही न बोलता बाजूला झाले. अर्ध्या तासाने त्यांनी त्याच मुलाला पुन्हा मोजायला सांगितले, तेव्हा आकडा २४.९७३ आला. जॉब रिजेक्ट झाला होता. शेवटचा काप संपताच, जॉब गरम असतानाच त्याने माप घेतले होते, आणि थंड होताना तो आकसला. फोरमनांनी त्याला कागद दिला आणि विचारले, "पोलाद चाळीस अंशांनी तापलं, तर पंचवीसच्या व्यासात किती फरक पडेल?" त्याने सूत्र लिहिले, प्रसरणांक, म्हणजे तापल्यावर धातू किती वाढतो तो आकडा, आठवला आणि ०.०१२ मिलिमीटर असे उत्तर काढले. हिशोब अचूक होता. ज्या चुकीने त्याचा जॉब गेला, तिचे नेमके माप त्याला कागदावर काढता येत होते. पण हे सूत्र तो आठवड्यातील एका दिवशी वर्गात शिकला होता आणि लेथ दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत, आणि ही दोन्ही एकाच धातूविषयी आहेत, हे त्याला आम्ही कधी दाखवलेच नव्हते.

खरा धक्का पुढेच होता. ड्रॉइंगमध्ये तीन टप्प्यांच्या लांब्या ४०, ३५ आणि ५० अशा होत्या आणि एकूण लांबी १२० दिलेली होती. बेरीज १२५ होते. चौघांनी शेवटचा टप्पा ४५ करून एकूण लांबी जुळवली होती, दोघांनी शाफ्टच १२५ चा केला होता, आणि दोन तासांत सहांपैकी एकानेही ड्रॉइंग घेऊन येऊन हे जुळत नाही, असे म्हटले नव्हते. मला वाटले, त्यांच्या लक्षातच आले नसेल. फोरमनांनी एकेकाला विचारले, तेव्हा पाच जणांच्या लक्षात आले होते, असे कळले.

"मग विचारलं का नाहीस?"

"सर, विचारलं असतं तर याला ड्रॉइंग वाचता येत नाही, असं तुम्हाला वाटलं असतं."

दुसरा मुलगा माझ्याकडे बघत हळूच म्हणाला, "परीक्षेत शंका विचारायची नसते ना, सर." हे वाक्य माझेच आहे. प्रत्येक प्रात्यक्षिक परीक्षेच्या सुरुवातीला मी ते मोठ्याने सांगतो.

फोरमन म्हणाले, "सर, हे ड्रॉइंग आमच्याकडे खरंच आलं होतं. ऑपरेटरनं यंत्र थांबवून डिझाइन विभागाला फोन केला, म्हणून माल वाचला. यंत्र चालवायला मी सहा महिन्यांत शिकवीन. थांबून विचारायला कसं शिकवू?"

त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. जर्मनीतील दुहेरी प्रशिक्षणपद्धतीविषयी मी पूर्वी वाचले होते. तिला १९६९ च्या कायद्याने देशभर एकसारखी चौकट मिळाली आणि तिच्यात शिकाऊ उमेदवार आठवड्यातील बहुतेक दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस शाळेत असतो. त्या पद्धतीचे बळ आधुनिक यंत्रांत आहे, असे मी धरून चाललो होतो. आता मला वाटते की अनुभवी कारागीर कुठे थांबतो, कोणाला विचारतो, कोणते माप दुसऱ्यांदा घेतो, हे त्या उमेदवाराला सुरुवातीपासून डोळ्यांनी दिसते, आणि हे कोणत्याही अभ्यासक्रमात लिहून देता येत नाही. आम्हाला कारखाना रोज मिळणार नाही. पण कार्यशाळेत प्रश्न विचारणाऱ्याला कच्चा ठरवणे थांबवायला कोणाचीही परवानगी लागत नव्हती.

आता मी महिन्यातून एकदा, कोणता दिवस ते न सांगता, चुकीचे ड्रॉइंग देतो. पहिल्या वेळी बावीसपैकी कोणीच उठले नाही. दुसऱ्या वेळी एक मुलगी कागद घेऊन आली, एका मापावर बोट ठेवून उभी राहिली आणि मी काही बोलण्याआधीच म्हणाली, "सर, माझंच चुकत असेल." मी सर्वांची यंत्रे बंद करायला लावली आणि तिला ते माप फळ्यावर मांडायला सांगितले. मूल्यमापनाच्या तक्त्यात यासाठी रकाना नाही. तो असावा म्हणून मी वरिष्ठांना दोनदा लिहिले आहे. तोपर्यंत या नोंदी मी माझ्या वहीत ठेवतो आणि कोणी फोरमन निवडीसाठी आले, की गुणपत्रिकेबरोबर ती वहीही त्यांच्यापुढे ठेवतो.