आमची वाटचाल : उलटे आटे

वडिलांनी डिचोलीत सायकलदुरुस्तीचं दुकान घातलं, तेव्हा बीबी, म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पेडलचे दांडे ज्याच्यावर फिरतात तो भाग, एकाच प्रकारची असायची. एक एक्सल (आस), दोन कप, पाव इंची छर्रे आणि क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, धरायला कॉटर पिन. पहाटेचे पाव संपवून पोदेर (पाववाला) रिकामी टोपली घेऊन यायचा. ‘पेडल उडी मारतं’ एवढीच त्याची तक्रार. वडील हातोडीने झिजलेली पिन काढत, नवी कानशीवर घासून बसवत. दहा मिनिटांचं काम. मोजायला काही लागत नसे.

गिअरच्या सायकली आल्या आणि कॉटरच्या जागी चौकोनी टोकाचं एक्सल आलं. ते सीलबंद नळीत असतं, छर्रे दिसतही नाहीत. तिथे आम्ही लांबी बघायला शिकलो : 110, 113, 118, 122.5 मिलिमीटर. पुढच्या तीन दातेरी चकत्यांची एक केली आणि एक्सल जुनंच ठेवलं, तर चेन तिरकी पळते. एका गिऱ्हाइकाच्या सायकलीवर हे शिकलो, आणि त्याला एक्सल फुकट बदलून दिलं.

खरी फजिती वेगळीच. हणजुणेला राहणाऱ्या एका परदेशी म्हाताऱ्याने जुनी लोखंडी इटालियन रेसर आणली. बीबी बदलायची होती. आता साध्या, म्हणजे बीएसए आट्यांच्या फ्रेमला उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. पेडल मारता मारता कप आपोआप सैल होऊ नये म्हणून. तिथे कप सोडवायचा तर पाना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. वडिलांनी मला लहानपणी शिकवलेला पहिला धडा हाच. मी फिरवला. हलेना. पान्याला पाईप लावला, पोराला सायकलीवर बसवलं, जोर केला. हलेना. संध्याकाळी म्हातारा आला, बघत राहिला आणि हाताने उलट दिशा दाखवली. इटालियन फ्रेमला दोन्ही बाजूंचे आटे सुलटेच असतात! दिवसभर मी कप सोडवत नव्हतो, आवळत होतो. सुटला तेव्हा मात्र आटे शाबूत होते, हे आमचं नशीब. शेल, म्हणजे बीबी जिच्यात बसते ती फ्रेमची आडवी नळी, मोजलं तर 70 मिलिमीटर रुंद. बीएसएचं 68 किंवा 73. आट्यांचा व्यासही इटालियनचा 36 मिलिमीटर, बीएसएचा 34.8 च्या आसपास, म्हणजे आमच्याकडचा एकही कप त्यात धरणार नव्हता. माल मागवायला तीन आठवडे गेले. त्या दिवसापासून दुकानात व्हर्नियर टांगलेला आहे, आणि मापाआधी पाना कोणी उचलत नाही. मीसुद्धा नाही.

2019 मध्ये मिरामारला आयर्नमॅन 70.3 ही पोहणं, सायकल आणि धावणं अशी शर्यत झाली. तिथे सायकलचा टप्पा 90 किलोमीटरचा. त्यानंतर कार्बनच्या फ्रेमी आमच्याकडेही येऊ लागल्या. यांतल्या बहुतेकींना आटेच नाहीत, बेअरिंग दाबून बसवायचं. त्यातही प्रकार : बीबी30 च्या शेलचं भोक 42 मिलिमीटरचं, पीएफ30 चं 46, बीबी86 चं 41. क्रँकचं एक्सलही एकसारखं नाही : शिमानो कंपनीचं 24 मिलिमीटर, इतर काहींचं 30, स्रॅम कंपनीच्या ‘डब’ प्रकाराचं 28.99. हे शेवटचं माप काढणाऱ्याला एकदा भेटायचं आहे.

म्हापशाचा एक तरुण जुनी बीबी30 ची क्रँक स्वस्तात घेऊन आला. फ्रेम बीएसएची. 30 मिलिमीटरच्या एक्सलला चालणारे, बाहेर बसणारे कप त्याने आधीच मागवले होते. ‘व्यास जुळतो ना?’ जुळत होता. पण बीबी30 चं एक्सल आखूड असतं, कारण त्याचं बेअरिंग शेलच्या आत बसतं. कप बाहेर आले की डावी क्रँक पुरेशी आत जातच नाही. वॉशर लावून काहीतरी जमवा म्हणाला. नाही जमवलं. चिडून गेला, आठवड्याने 24 मिलिमीटरची क्रँक घेऊन परत आला.

उलटा प्रकार मात्र बसतो. बीबी30 च्या भोकात 24 चं एक्सल अडॅप्टरने चालतं, फक्त अडॅप्टर बरा हवा. आमच्याकडे पावसाळ्यात पाणी सीटच्या नळीतून खाली उतरून शेलमध्ये साठतं. खाणीच्या रस्त्यावरची लाल माती आणि किनाऱ्याचा खार वेगळाच. स्वस्तातला अडॅप्टर त्यात करकरू लागतो. अर्थात दरवेळी करकर बीबीचीच असते असं नाही. आम्ही आधी पेडल आणि सीटची दांडी काढून, ग्रीस लावून बघतो. पुष्कळदा तिथेच आवाज थांबतो आणि बीबीचं गिऱ्हाईक हातचं जातं.

फोनवर विचारणाऱ्यांना आमचं एकच सांगणं असतं : क्रँक विकत घेण्याआधी सायकल घेऊन या. फोटोवरून शेलची रुंदी कळत नाही. सकाळी साडेदहानंतर या, कारण त्याआधी पोदेरांच्या सायकली असतात. कॉटर पिनची डबी वडिलांच्याच जागी आहे, आणि कानसही तीच.